शेजारच्या कॉलेजातली ओळख

अगं, स्त्रीरोग आणि प्रसूतिशास्त्र विभागाच्या ऑफिसची खुर्ची तुझ्याकडे आली, बरं झालं. चार्ज घेताना कपाटाच्या किल्ल्या, डेड स्टॉक रजिस्टर, रबरी शिक्के सगळं यादीवर सही घालून घेतलं असशीलच. त्या यादीत कधीच नसतं ते आता सांगते. तुझ्या कामासारखं काम करणारं दुसरं माणूस तुझ्या इमारतीत नाही, हे पहिल्या दिवसापासून धरून चाल.

बघ ना, डॉक्टरांना डॉक्टर आहेत. सिस्टरना मेट्रन आहेत, शिवाय 1908 सालापासून त्यांची ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन आहे. मेडिसीनच्या ऑफिसात क्लार्क आहे, तो चहाला चांगला आहे, पण त्याच्या टेबलावर सोनोग्राफीचे एफ फॉर्म येत नाहीत, एमटीपीचे म्हणजे गर्भपाताचे कागद येत नाहीत, जननी सुरक्षाची यादी येत नाही. तुझ्याकडे एकाच सकाळी पीजीच्या जागांसाठी प्राध्यापकांची डिक्लरेशन्स येतात, लेबर रूममधल्या वॉर्मरच्या एएमसीचं बिल येतं, माहिती अधिकाराचा अर्ज येतो आणि दारात पासबुक घेऊन बाळंतिणीचा नवरा उभा असतो. अडलं तर विचारणार कुणाला? एचओडी मॅडम ऑपरेशनला उभ्या. डीन ऑफिस म्हणणार, ‘टिपणी सादर करा.’ त्या टिपणीत काय लिहायचं हे ज्याला ठाऊक आहे तो माणूस दुसऱ्या जिल्ह्यातल्या कॉलेजात तुझ्यासारख्याच टेबलाशी बसलेला असतो. व्यावसायिक संस्थेचं सभासद व्हायचं ते त्या माणसाचा फोन नंबर मिळवायला. बाकीचे फायदे मी दुय्यम धरते.

आपल्याकडे संघटना म्हटलं की मोर्चा, काळ्या फिती आणि महागाई भत्त्याची थकबाकी एवढंच डोळ्यांपुढे येतं. ती संघटनाही हवीच, तिची वर्गणी बुडवू नकोस. मी बोलतेय ती व्यावसायिक संस्था वेगळी. पगार कसा वाढेल हे ती सांगणार नाही. काम कसं करायचं, कोणता कागद कुठे ठेवायचा, इन्स्पेक्शनला आलेला माणूस आधी काय मागतो, हे तिथे कळतं.

आता एफ फॉर्मचंच घे, कारण या विभागात सगळ्यात जास्त माणसं इथेच अडकतात. गर्भलिंगनिदानाचा कायदा 1994 चा, 2003 मध्ये तो आणखी कडक झाला. गरोदर बाईची प्रत्येक सोनोग्राफी म्हणजे एक एफ फॉर्म. वय, किती मुलं, त्यात मुलगे किती आणि मुली किती, पाळीची शेवटची तारीख, कुणी पाठवलं, सोनोग्राफी कशासाठी, निष्कर्ष काय, तो कुणाला सांगितला. खाली बाईचं निवेदन आणि डॉक्टरांचं निवेदन, दोन्ही सह्या तारखेसकट. महिन्याचा अहवाल पुढच्या महिन्याच्या 5 तारखेच्या आत समुचित प्राधिकाऱ्याकडे गेला पाहिजे. रेकॉर्ड 2 वर्षं जपायचं आणि प्रकरण कोर्टात असेल तर निकाल लागेपर्यंत. खाजगी क्लिनिकमध्ये सोनोग्राफी करणारा एकच डॉक्टर असतो, त्याचा हात बसलेला असतो. आपल्याकडे रेसिडेंट बदलत राहतात. सोनोग्राफीची माणसं बदलली, मशीन बदललं, जागा बदलली, तर नियमानुसार 30 दिवस आधी कळवावं लागतं. शिकवणाऱ्या रुग्णालयात ही केवढी डोकेदुखी आहे ते शिकवणाऱ्या रुग्णालयातल्या माणसालाच कळतं.

एकीने मला सांगितलेली युक्ती तुला देते. ती दुसऱ्या एका कॉलेजच्या विभागात होती, ओळख एका व्यावसायिक संस्थेच्या बैठकीतली. ती फॉर्म महिनाअखेरीला तपासत नसे. रोज दुपारी तीनला, ओपीडी उठली की त्या दिवसाचा गठ्ठा मागवून फक्त चार ठिकाणं बघायची: मुलांची संख्या, संदर्भ देणाऱ्याचं नाव, निष्कर्षाचा रकाना आणि दोन सह्या. कोरं दिसलं की फॉर्म घेऊन तिथल्या तिथे रेसिडेंटकडे, तो हॉस्टेलला पळायच्या आत. महिनाअखेरीला कोरा रकाना सापडला तर त्या बाईला तू शोधणार कुठे? आणि मागाहून आपल्या हाताने काहीही भरायचं नाही. ते तर गुन्ह्याला आमंत्रण. ही रीत कुठल्या परिपत्रकात लिहिलेली नाही. ती कळायला एक ओळख लागली.

‘कागदाची चूक म्हणजे कारकुनी चूक, त्याची शिक्षा डॉक्टरला का’ असं डॉक्टरमंडळी म्हणतात. हाच मुद्दा घेऊन फॉग्सी सर्वोच्च न्यायालयात गेली होती. फॉग्सी म्हणजे देशभरातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संस्थांचा महासंघ, 1950 साली मद्रासला स्थापन झालेला, मुख्य कचेरी मुंबईत. 3 मे 2019 ला निकाल लागला तो फॉग्सीच्या विरुद्ध. नोंदी न ठेवणं ही नुसती कारकुनी चूक मानता येणार नाही, नोंद हाच या कायद्याचा कणा आहे, असा त्याचा मथितार्थ. मला विचारशील तर कोर्टाचं बरोबर होतं. पण तुझ्यासाठी त्यातली खरी गोष्ट अशी, की त्या दिवसापासून तुझ्या टेबलावरच्या कोऱ्या रकान्याचं वजन वाढलं. डॉक्टरांना ते त्यांच्या संस्थेच्या पत्रकातून आठवड्यात कळलं. ऑफिसातल्या माणसाला कोण कळवणार? फाईल फिरत फिरत येईपर्यंत महिने जातात. एखाद्या संस्थेच्या यादीत आपलं नाव असलं की बातमी वेळेवर पोचते, ती अशी.

कुठे नाव घालायचं हा पुढचा प्रश्न. अमेरिकेत मेडिकल स्कूलच्या एकेका विभागाला स्वतःचा प्रशासक असतो. विभागाचा पैसा, डॉक्टरांचे करार, रेसिडेंटचं वेळापत्रक सगळं तो बघतो आणि अशा लोकांच्या विषयवार संस्थाही असतात. दवाखाने चालवणाऱ्या व्यवस्थापकांची तिथली मोठी संस्था तर 1926 सालची, म्हणजे आपल्या केईएमच्याच वयाची. आपल्याकडे हे काम ऑफिस सुपरिंटेंडंट, वरिष्ठ लिपिक, प्रशासकीय अधिकारी आणि एखादा कागदपत्रांची आवड असलेला असोसिएट प्रोफेसर यांच्यात वाटलेलं असतं. त्यामुळे तुला थोडी जोडाजोड करावी लागेल. फॉग्सीचं सभासदत्व स्त्रीरोगतज्ज्ञांना, तेही त्यांच्या स्थानिक संस्थेमार्फत. मुंबईची एमओजीएस 1935 ची, राज्याची ॲमॉग्स आहे. तू तिथे सभासद होणार नाहीस, पण त्यांचे कार्यक्रम तुझ्याच विभागात होतात, पत्रकं तुझ्याच एचओडींकडे येतात. ती वाचायला मागून घे. कायद्यावरचं सत्र असलं की मागच्या रांगेत बसायची परवानगी माग, कुणी नाही म्हणत नाही. तुला नावानिशी सभासद होता येईल अशी जागा म्हणजे रुग्णालय प्रशासनाच्या संस्था. अकॅडमी ऑफ हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशन 1987 पासून आहे. मानांकित रुग्णालयांची कॅहो आहे, गुणवत्तेचं काम करणारी माणसं तिथे भेटतात. मुंबईत टिसमधून हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशन शिकून बाहेर पडलेल्यांचं वर्तुळही मोठं आहे.

पाच ठिकाणी पैसे भरू नकोस. एक निवड आणि निवडायच्या आधी थोडी चौकशी कर. गेल्या वर्षीची वार्षिक सभा झाली का, ऑडिट केलेला ताळेबंद सभासदांना मिळतो का, नोंदणी क्रमांक पावतीवर छापलाय का. आणि एक नाजूक कसोटी: कार्यक्रमपत्रिकेत सत्कार किती आणि कामाची सत्रं किती ते मोज. शाल, श्रीफळ, मान्यवरांचे मनोगत यातच दुपार गेली तर तिथे तुला जेवणाखेरीज काही मिळणार नाही. जेवण चांगलं असतं, हे मात्र कबूल.

संस्थेच्या परिषदेला गेलीस की पहिल्याच वर्षी व्यासपीठाकडे धाव घेऊ नकोस. नोंदणीचं टेबल मागून घे. कुणालाच नको असतं ते, सकाळी सातला उभं राहावं लागतं म्हणून. पण बिल्ले वाटता वाटता प्रत्येक माणूस तुझ्यासमोरून जातो, आपलं नाव, पद, कॉलेज तुला सांगतो आणि तुझा चेहरा त्याच्या लक्षात राहतो. संध्याकाळपर्यंत तुला कळलेलं असतं की लातूरला एमटीपीचं काम कोण बघतं आणि मिरजेला लेबर रूमची खरेदी कोण करतं. त्या रात्रीच वहीत लिहून ठेव, नुसतं नाव लिहू नकोस, कशात हुशार आहे तेही लिही.

सरकारी नोकरीत आहेस, तर आधी कागद. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम 1979 चे आहेत, ते एकदा स्वतः वाच, ऐकीव माहितीवर चालू नकोस. सभासद होण्यापूर्वी कार्यालयप्रमुखांना पत्र टाक आणि पोच घेऊन ठेव. परिषदेला जायचं तर तो कर्तव्यकाळ धरणार की रजा, प्रवासखर्च मिळणार की नाही, हे जाण्याआधी लेखी घे. आल्यावर मागितलंस तर उत्तर ‘पाहू’ असं येतं.

परिषदेत स्टॉल असतात. टाके, ग्लोव्हज, सीटीजी मशीन, सोनोग्राफी मशीन. स्टॉलवरचा गोड बोलणारा मुलगा कार्ड घेतो, संध्याकाळच्या जेवणाचं बोलावणं देतो. कार्ड दे, जेवायला जाऊ नकोस. खरेदी आता सरकारच्या जेम पोर्टलवर असो की राज्याच्या वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणामार्फत, मागणीपत्राचं तांत्रिक वर्णन तुझ्याच टेबलावरून पुढे जातं. त्यात एखाद्या कंपनीला सोयीचा शब्द घुसला की पुढे तुझ्याच नावाने बोंब होते. स्टॉलवरून माहितीपत्रकं मात्र सगळ्यांची गोळा कर. चार कंपन्यांची पत्रकं शेजारी ठेवली की कोणती अट सगळ्यांना पुरी करता येते आणि कोणती फक्त एकालाच, हे डोळ्यांना दिसतं.

आता व्हॉट्सॲप ग्रुपचं. संस्थेचा असो की तुम्ही चौघी-पाचजणींनी केलेला असो, प्रश्न विचारायला त्याच्यासारखी सोय नाही. पण एमटीपीच्या कागदाचा फोटो तिथे टाकायचा नाही, नाव झाकूनही नाही. एमटीपीचा कायदा 1971 चा, 2021 मध्ये बदलला, 20 ते 24 आठवड्यांसाठी काही स्त्रियांना दोन डॉक्टरांच्या मताने मुभा मिळाली, हे तुला ठाऊक असेल. पण त्यातली गुप्ततेची व्यवस्था ऑफिसातल्या माणसालाही पूर्ण माहीत नसते. बाईचं नाव फक्त प्रवेशाच्या रजिस्टरमध्ये. त्या रजिस्टरचा वर्षाचा अनुक्रमांक असतो आणि केसपेपर, ओटी रजिस्टर, फॉलोअपचं कार्ड, सगळीकडे तोच अनुक्रमांक लिहायचा, नाव नाही. संमतीपत्र आणि डॉक्टरांचं मत पाकिटात घालून सीलबंद करायचं, वर अनुक्रमांक, तारीख आणि ‘गुप्त’ असं लिहून रुग्णालयप्रमुखांच्या ताब्यात. रजिस्टर ज्या वर्षाचं असतं त्या वर्षाच्या अखेरीपासून 5 वर्षं जपायचं. नवा रेसिडेंट सवयीने ओटी रजिस्टरमध्ये पूर्ण नाव, गाव, नवऱ्याचं नाव लिहून मोकळा होतो. सहा महिन्यांनी नवी बॅच आली की पहिल्या आठवड्यात ओटीतल्या सिस्टरसमोर त्यांना हे सांग. दरवेळी सांग, कंटाळू नकोस. आपल्या गावांत एक नाव फुटलं की त्या बाईचं काय होतं ते तुला मी सांगायला नको.

मग ग्रुपवर प्रश्न कसा विचारायचा? प्रसंग सांगायचा, माणूस नाही. ‘अल्पवयीन मुलगी, पालक सोबत, पोलिसांना कळवताना काय लिहिता?’ एवढं पुरतं. 2022 च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रियांनाही 20 ते 24 आठवड्यांच्या तरतुदीत धरलं आणि अल्पवयीन मुलीची ओळख पोलिसांना न कळवण्याचीही मोकळीक दिली. अशा वेळी उत्तर ग्रुपवर आलं तरी त्याच्यावर फाईल चालवायची नाही. ‘निकालाची प्रत किंवा शासन निर्णयाचा क्रमांक पाठव’ म्हणायचं. क्रमांक देतो तो खरा जाणकार, ‘आमच्याकडे असंच करतात’ म्हणणाऱ्याचं नुसतं ऐकून घ्यायचं.

जननी सुरक्षाचं दुखणं सगळ्या विभागांत सारखं. 2005 ची योजना, आपल्या राज्यात पात्र बाईला ग्रामीण भागात 700 रुपये, शहरात 600. रक्कम लहान, पण जिच्यासाठी आहे तिच्यासाठी लहान नाही. आधारवर माहेरचं नाव, दाखल होताना सासरचं. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे नोंदणी सासरच्या उपकेंद्रात आणि प्रसूती आपल्याकडे. पैसे अडकतात, नवरा पासबुक घेऊन तुझ्याकडे येतो. एका कॉलेजने यावर साधी गोष्ट केली होती: आरसीएच नंबर आणि पासबुकाची प्रत डिस्चार्जला मागायची नाही, दाखल होतानाच आशाताईंकडून घ्यायची, कारण तेव्हा आशाताई सोबत असतात. डिस्चार्जच्या दिवशी त्या नसतात, सासरची गाडी बाहेर हॉर्न वाजवत असते आणि कुणालाच कागद शोधायला वेळ नसतो. हे मी ऐकलं, आपल्या विभागात लावलं, दारातली गर्दी कमी झाली.

दुसऱ्या कॉलेजांची माहिती हातात असली की वरिष्ठांपुढे बोलायला जोर येतो, हेही सांगून ठेवते. ‘आम्हाला डेटा एंट्री ऑपरेटर हवा’ असं लिहिलंस तर फाईलवर ‘सध्या आवश्यकता दिसत नाही’ असा शेरा येतो. त्याऐवजी महिन्याची बाळंतपणं, सिझेरियन, सोनोग्राफी, एवढ्या नोंदी करणारी माणसं, आणि शेजारी दोन-तीन कॉलेजांचे तेच आकडे, असा एका पानाचा तक्ता लाव. साहेबांना शेजारच्या कॉलेजशी तुलना फार लागते. आकडे मात्र लेखी मागवून घे, फोनवरचे फाईलला लावू नकोस. ‘लक्ष्य’चं मूल्यांकन आलं की हाच तक्ता पुन्हा उपयोगी पडतो. 2017 च्या डिसेंबरपासून लेबर रूम आणि प्रसूतीच्या ओटीची गुणवत्ता त्यात तपासतात, मेडिकल कॉलेजेसही त्यात आहेत. मूल्यांकनाला नुकतंच सामोरं गेलेलं कॉलेज शोधून त्यांच्या सिस्टर इन्चार्जशी एकदा बोल. आपल्या फाईली वाचून चार दिवसांत जे कळणार नाही ते ती अर्ध्या तासात सांगेल.

हे सगळं घेताना द्यायचंही असतं, आणि आपल्या बायका इथे मागे राहतात. संध्याकाळची बैठक म्हटलं की स्वयंपाक, मुलांचा क्लास, सासूबाईंचं औषध. बैठकीची वेळ दुपारी दोनची करा असं पहिल्याच सभेत उभं राहून सांग. बहुतेकींना तेच हवं असतं, बोलत कुणी नाही. आणि स्वतः तयार केलेला नमुना, मग तो तुझा एफ फॉर्मचा तपासतक्ता असो की रेसिडेंटच्या प्रसूती रजेची टिपणी, मागेल तिला दे. प्रसूती रजेवरून आठवलं. 2017 पासून कायद्यात 26 आठवडे आहेत, आणि बाळंतपणं करणाऱ्या याच विभागात रेसिडेंट मुलगी रजेचा अर्ज घेऊन आली की ऑफिसातच नाकं मुरडतात. विद्यापीठाच्या मुदतीचा हिशेब कसा बसवायचा हे प्रत्येक कॉलेज नव्याने शोधत बसतं. एकीने नीट टिपणी केली, मंजूर झाली, की ती सगळ्यांना द्यावी. लपवून ठेवणाऱ्याही भेटतील तुला. त्यांना प्रश्न विचारू नकोस, त्यांच्यावर रागावूही नकोस.

राजकारण असतं का? असतं. अध्यक्षपदावरून दोन गट पडतात, पुण्याचे आणि मुंबईचे वेगळे जेवायला बसतात, नागपूरकर दोघांवर नाराज. तुला पद हवं असेल तर खजिनदार हो. कामाचं पद आहे, हिशेब तुला येतो आणि भांडण मिटवायला शेवटी सगळे हिशेबवालीकडेच येतात.

मनाजोगती संस्था नाहीच सापडली तर आसपासची चार कॉलेजं निवड, जाऊन एका दिवसात परत येता येईल अशी. तिमाहीतून एकदा, दरवेळी दुसऱ्या कॉलेजात, विषय एकच. पहिला विषय एफ फॉर्म घे, कारण त्यावर सगळ्यांना काहीतरी सांगायचं असतं. एचओडींना आधी कळव, त्या स्वतः आल्या तर उत्तमच. चहाचा खर्च जिच्याकडे बैठक तिचा. इतिवृत्त मात्र त्याच दिवशी लिही, दुसऱ्या दिवशी पुन्हा तुझ्या टेबलावर गठ्ठा पडलेला असणार.